बॅनरवरचा अंबाडा

देवळी, मंगळवार, संध्याकाळ

कुणाचा तो अंबाडा? सावंगीला नर्स म्हणून लागले तेव्हापासून माझे केस मानेच्या वरच आहेत. आणि नगरपरिषदेला उभी राहिले तर बॅनरवर माझ्या डोक्याला हा भला मोठा अंबाडा, त्यावर गजरासुद्धा! ही दिराची अक्कल. "बॉबकटवालीले कोण मत देते, वहिनी?" म्हणे. स्वतःचं टक्कल मात्र माझ्या शेजारी जसंच्या तसं छापून घेतलंय. टकलाला मतं पडतात वाटतं!

आज प्रचारात एका म्हातारीच्या दारात उभे होतो. तिनं पत्रकावरचा फोटो पाहिला, मग मला पाहिलं.

"थे बाई काऊन नाई आली? मत तर मी तिलेच देईन."

मी तोंड उघडायच्या आत दीर हसून म्हणाला, "उद्या घेऊन येतो, आजी."

घेऊन येतो म्हणे! मेल्याला लाज नाही. घरी येऊन पाहते तर टेबलावर गंगावन आणून ठेवलेलं. म्हणजे उद्या तोच अंबाडा घालून फिरायचं.

ते गंगावन आत्ताच त्याच्या टोपीच्या खुंटीला टांगून आले. म्हातारीकडे मी अशीच जाणार. अंबाड्याची एवढी हौस असेल तर त्यानं घालावा.