पेटीत हाताला जागा ठेवायची राहिली

कोल्हापूर,
१९ जानेवारी १९८७

ती. सौ. अक्का,

धाकट्या नृसिंहाचं डोकं तुझ्या पायांवर, कागदावरून जेवढं टेकेल तेवढं टेकलं आहे. गुडघा कसा आहे? चंदगडात धुकं पडत असेल, तर पहाटे उठून काजूच्या झाडांखाली हिंडू नकोस (हिंडशीलच, पण सांगणं माझं काम). दाजींना नमस्कार. इकडे लीला आणि मी दोघं खुशाल आहोत आणि माझा उजवा हात पूर्ववत चालतो आहे. तो चालेनासा का झाला होता, ते सविस्तर लिहितो.

शिरोलीच्या फौंड्रीत मी ड्रॉइंग काढतो, हे तुला ठाऊकच. गेल्या दिवाळीपासून मी घरी एक कॉम्प्युटर जोडत होतो. त्याचा बोर्ड मित्रानं बंगळूरहून पाठवला. पडदा म्हणून आपला टीव्ही. लांबी, रुंदी, उंची सांगितली की ओतलेल्या लोखंडाचं वजन तो चुटकीसरशी सांगतो. हे आमचे मालक बाळासो यांच्या कानावर गेलं. त्यांना ऑफिसात कॉम्प्युटर घ्यायचाय आणि शिकायला एक माणूस पुण्याला पाठवायचाय. म्हणाले, "रविवारी धाला येतो. चालतंय का बघू." अक्का, एकोणीस वर्षं मी दुसऱ्याच्या रेषा गिरवतोय. मला पुण्याला जायचंच होतं.

पण यंत्र उघडंवाघडं जेवायच्या टेबलावर पसरलेलं. लीलानं बजावलं, "भिंतीतल्या कोनाड्यात मावंल एवढंच घरात ऱ्हाईल." म्हणजे चौदा इंच रुंद, नऊ खोल, सात उंच. म्हणून आधी पुठ्ठ्याची पेटी केली. ट्रान्सफॉर्मरच्या जागी साबणाची वडी ठेवली, पंख्याच्या जागी पेढ्यांचा रिकामा खोका, आणि कशापासून काय किती सूत लांब हवं ते मांडत बसलो (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दुपारी चटईवर आडवा होऊन एक डोळा पेटीच्या भोकाला लावायचो आणि मग, हसू नकोस, मी वारा व्हायचो. खालच्या जाळीतून आत शिरायचो, बोर्डाखालच्या चार सुतांच्या बोळातून वाकून चालायचो, ट्रान्सफॉर्मरपाशी जरा अंग शेकायचो आणि पंख्यातून अलगद बाहेर पडायचो. आत इतकं शांत होतं की तिथंच एखादी खोली भाड्यानं घ्यावी. लीलानं तीनदा हाका मारल्या म्हणे, दळणासाठी. मला वाटलं, पंखाच गुणगुणतोय.

पत्र्याची पेटी ट्रंका करणाऱ्या ख्वाजानं केली, बिंदू चौकाजवळ. हाताला धार लागू नये म्हणून त्या गुणी माणसानं तोंडाची कड आत दुमडून दिली. शनिवारी दुपारी सगळं बसवलं. सगळं सुतासूत बसलं! शेवटची एक चपटी वायर तळाशी खोचायची राहिली होती. ट्रान्सफॉर्मर आणि कड यांच्यामधल्या फटीतून हात आत घातला, दाबलं, टक् आवाज झाला. इतका सुंदर आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मग हात बाहेर काढू लागलो आणि तो येईना. आत जाताना ती कड सरकू देत होती, येताना मनगटाला अडत होती. ट्रान्सफॉर्मरला जागा ठेवली होती, वाऱ्याला ठेवली होती. हाताला ठेवायची राहिली.

लीलानं पेटीसकट मला रिक्षात घातलं. चौकात एकानं विचारलंच, "पावणं, ह्यो कंच्या डॉक्टरचा पलस्तर?"

ख्वाजानं पाहिलं आणि पत्रा कापायची कातर उचलली. मी पेटीला छातीशी धरलं. "हात काप, पेटी कापू नको," असं मी म्हणालो असं लीला सांगते. मला आठवत नाही, पण उद्या दहाला बाळासो येणार होते, तेव्हा म्हणालो असेन.

ख्वाजाची आई खैरुनबी शेजारीच बांगड्या भरायला बसते. ती उठून आली, लेकाच्या हातातली कातर काढून घेतली आणि तेलात बुडवलेली दोन बोटं फटीतून माझ्या मनगटापर्यंत सरकवली. म्हणाली, "हात सोड की."

"सोडलाय."

"न्हाय सोडलेला. बाप्या माणसाला हात सैल सोडाया येतच न्हाय. भन हाय काय तुला? कुठं दिली?"

मी म्हणालो, चंदगडला. "लई पाऊस न्हवं तिकडं?" मग मी सांगत सुटलो. तुझ्या लग्नानंतर मी पहिल्यांदा आलो, एसटी चिखलात रुतली, आणि तू भर पावसात इरलं घेऊन दोन मैल चालत आलीस. येताना माझा हात धरून चालवलंस, एवढा मॅट्रिकला बसलेला घोडा मी. ते धुकं, ती ओली वाट, तुझ्या बांगड्यांचा आवाज. सांगता सांगता पाहतो तर माझा हात खैरुनबीच्या मांडीवर पडलेला. कधी निघाला, कळलंच नाही.

काल बाळासो आले. त्यांनी आकडे दाबले, पडद्यावर वजन उमटलं. त्यांनी खिशातून कागद काढून स्वतः हिशेब केला, दोनदा केला, आणि म्हणाले, "जुळतंय की! पुढच्या म्हैन्यात पुण्याला जायाचं. तयारी ठेव." अक्का, ते गेल्यावर मी बराच वेळ कोनाड्यासमोर नुसता उभा होतो.

तुझा,
नृसिंह

ता. क. पेटी उचलली की आत किणकिण वाजतं. तेलानं हात सुटला, त्याबरोबर लग्नातली अंगठीही सुटली असावी. ती ट्रान्सफॉर्मरच्या मागं गेली आहे आणि तिथवर खैरुनबीशिवाय कुणाचा हात पोचणार नाही.

ता. क. दुसरा : खैरुनबी मिरजेला लेकीकडे गेली आहे, आठ दिवसांनी येईल. लीलाचं अजून माझ्या बोटाकडे लक्ष गेलेलं नाही. उद्याच्या एसटीनं ती तुझ्याकडे दोन दिवसांसाठी येत आहे. गुडघा दुखतोय म्हण, काहीही म्हण, पण तिला आठ दिवस सोडू नकोस. हे पत्र तिच्याच हाती देतोय, खळीनं घट्ट चिकटवून.

ता. क. तिसरा : पत्र मोठ्यानं वाचायची तुझी सवय मला माहीत आहे. हे मनात वाच, असं अगदी वर लिहायचं राहिलं.