पोउलच्या घराला नवं दार

वोरबासे, मंगळवार, मे

प्रिय सिसेल,

गवंडी आत्ताच गेला. घरभर सिमेंटची धूळ आहे, स्वयंपाकघरात कप टेकवायलाही जागा नाही, म्हणून हे पत्र मी गाडीत बसून, स्टिअरिंगवर फळी ठेवून लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर समजून घे. जन्मभर दुधाचा टँकर चालवला, त्यामुळे गाडीत बसलं की मला नीट सुचतं. घरात खुर्चीवर बसून मला साधा वाढदिवसाचा निरोपही लिहिता येत नाही, हे तुला ठाऊक आहेच.

तुझी आई, माझी इंगे, इस्पितळात हळूहळू सुधारतेय. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात अजून ऐकत नाही, पण तोंड पूर्वीसारखं सुरू झालंय. काल व्यायाम घेणाऱ्या मुलीला म्हणाली, "हा रबरी चेंडू तूच दाब गं, तुझे दंड माझ्याहून बारीक आहेत." मी डब्यात बटाटे आणि तपकिरी सॉस नेला होता. चाखून म्हणाली, "वाईट नाही." आपल्या जटलंडात याहून मोठी शाबासकी कोणी कोणाला दिलेली मी ऐकली नाही, त्यामुळे परतताना मी सगळा रस्ता शीळ वाजवत आलो.

ईस्टरला जे झालं तेव्हा तू इथेच होतीस. मग मला काय सांगतोस, असं म्हणशील. पण माझ्या बाजूनं ते कसं होतं, हे तुला माहीत नाही. तू येण्याच्या आधीच्या आठवड्यात नगरपालिकेची लोने टेप घेऊन आली होती. सगळी दारं मोजली, पुढच्या तीन पायऱ्यांकडे बघून मान हलवली आणि स्वयंपाकघर आणि मागच्या खोलीमधल्या भिंतीवर थाप मारली. "ही पाडायला लागेल. इंगेची खाटही वरून खाली आणायला लागेल आणि चाकाची खुर्चीही वळायला हवी. भिंत पाडलीत तर ती घरी येईल. नाहीतर शुश्रूषागृहात एक खोली रिकामी होतेय, तिथे लवकर कळवावं लागेल." मी म्हटलं, "विचार करतो." विचार कसला करणार होतो! ती भिंत तुझ्या बाबांची. पोउलनं रविवार रविवार खपून, स्वतःच्या हातानं विटा रचून हे घर बांधलं. तो गेल्यावर तीन वर्षांनी मी एक सुटकेस घेऊन इथे आलो. चाळीसेक वर्षांत मी या घराला रंग दिला तोही आधीचाच. खिळा ठोकायचा तरी इंगेला विचारायचो. ती हसायची, "आस्गर, भिंत आहे ती, चर्चमधली वेदी नाही." पण मला नाही जमायचं ते. आणि तुला 'भिंत पाडू का' असं विचारायची तर माझी छातीच होत नव्हती.

त्यात ते फळीवरचं लेगोचं घर. पोउल कारखान्यात दुकानांच्या काचेमागे ठेवायची लेगोची मोठी मॉडेलं करायचा, आणि ती हलवताना मोडू नयेत म्हणून प्रत्येक वीट चिकटवायचा. तुझ्या सहाव्या वाढदिवसाला त्यानं आपलंच घर लाल विटांत केलं, पांढऱ्या खिडक्या, धुराडं, सगळं जसंच्या तसं. आणि हाताच्या सवयीनं तेही चिकटवून टाकलं! खेळण्यातल्या विटा, पण एक निघेल तर शपथ. इंगे सांगते, तू बाहुलीला झोपवायला छप्पर उचलायला गेलीस, उचलेना, तेव्हा पोउलनं कपाळावर हात मारून घेतला. "दुसरं करून देतो," म्हणाला. त्याच हिवाळ्यात रस्त्यावरच्या बर्फानं त्याला नेलं. मी आलो तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. पहिल्याच संध्याकाळी मला त्या फळीपुढे उभं करून बजावलंस, "बघायचं. हात लावायचा नाही." मी कधी लावला नाही, सिसेल. धूळही फुंकरीनं उडवली.

तर ईस्टरला जेवण झाल्यावर मी तुला त्या शुश्रूषागृहाची बाग किती छान आहे, तिथे पक्षी किती येतात, हे सांगत बसलो. तू ऐकून घेतलंस. मग उठलीस, ते घर खाली काढून टेबलावर ठेवलंस आणि शेडमधून माझी बारीक पात्याची करवत आणून पुढ्यात टाकलीस. "लोने कुठली भिंत म्हणाली?" मी लांबूनच बोट दाखवलं. "मग काप." मी म्हटलं, "अगं, हे तुझ्या बाबांनी..." "बाबांनी चिकटवलं हीच तर गंमत झाली ना! काप, आस्गर. पक्षी कसले मोजत बसतोस?" चाळीस टनांचा टँकर मी अरुंद गोठ्यांच्या अंगणात उलटा घेतलाय, पण त्या दिवशी करवत टेकवायची जागा मी तीनदा बदलली. टेबलावर लाल भुसा पडत गेला. आत पोचायला आधी कापलेली बाहेरची बाजू सुटली आणि मागच्या खोलीत, जिला खिडकीच नव्हती, तिथे निळ्या-पिवळ्या विटांची एक खाट दिसली. बाहुलीच्या मापाची, उशीसकट. त्यानं आठवणीनं केली होती आणि वर छप्पर चिकटवून बसला होता! तू आधी हसलीस, मग रडलीस, मग पुन्हा हसलीस. मी पाणी आणायला उठलो ते मलाही डोळे पुसायचे होते म्हणून.

मग तू तुझ्या मुलांच्या डब्यातल्या नव्या विटा काढल्यास. रुंद दार केलंस, तीन पायऱ्या काढून छपराच्या तिरक्या विटांचा उतार केलास. नवा लाल रंग जुन्यापेक्षा भडक, ठिगळ लगेच ओळखू येतं. मी म्हटलं, शोधून जुन्या विटा मागवू. तू म्हणालीस, "दिसू दे की." तू ऑर्हूसला परत गेल्यावर मी ते घर पुढच्या सीटवर पट्टा लावून इस्पितळात नेलं. इंगेनं खूप वेळ ते निरखलं. खाटेवर डाव्या हाताचं बोट फिरवलं. मग म्हणाली, "इतकं रुंद दार? मी जाड झालेय असं सुचवायचंय का तुम्हा दोघांना?" आणि लगेच, "घरी कधी नेतोस?" मी तिथूनच लोनेला फोन केला की ती खोली दुसऱ्या कोणाला तरी द्या.

शुक्रवारी इंगे घरी येतेय. भिंत गेली. पुढच्या उतारावर छोटं छप्परही घातलंय आणि आज दुपारी त्याचे वासे चढले. गवंडी मोएन्स खाली उतरला, हात झटकले आणि विचारलं, "मग, वासे चढल्याचं जेवण कधी? आड्याला हिरवी माळ बांधायची, की मालक जेवण देत नाही म्हणून रिवाजाप्रमाणे माझी फाटकी विजार टांगू? मालक कोण आहे इथला?" मी सवयीनं मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग मी म्हटलं, "मीच की." मोएन्सला त्यात काही विशेष वाटलं नाही, त्यानं बिअर किती आणायची ते विचारलं. पण मी तडक गाडीत येऊन बसलो आणि हे लिहायला घेतलं. त्या करवतीबद्दल तुझे आभार कसे मानायचे, हे मला महिनाभर सुचत नव्हतं. तू माझ्या हातात ती दिली नसतीस, तर मी पाहुण्यासारखा शहाणपणानं वागलो असतो आणि इंगेला बागेतले पक्षी बघत बसायला लागलं असतं. त्याबद्दल मी तुझा फार ऋणी आहे, पोरी. शनिवारी दुपारी जेवण आहे, लाल सॉसेज, बटाट्याचं सॅलड आणि बिअर. मुलांना घेऊन ये. आजवर कोणालाही बोलावताना मी 'इंगेकडे या' असंच म्हणत आलो. तुला पहिल्यांदा म्हणतोय, सिसेल, माझ्या घरी जेवायला ये.

तुझाच,
आस्गर