झोळीवरचा झेंडा

गुरुजी, परवा माझ्या धाकट्या भावानं गाडीच्या काचेशी लावायला छोटा झेंडा आणला आणि विचारलं, "ताई, सरळ लागलाय ना?" सरळच होता. तरी मी त्याच्यावर खेकसले. तो गोंधळून बघत राहिला. तो सात-आठ महिन्यांचा असताना एका झेंड्यापायी तुमचं आणि माझं काय झालं, ते मी त्याला कधीच सांगितलेलं नाही. तुम्हालाही माझ्या बाजूनं सांगायचं राहिलं. तुमची बाजू तुम्ही त्या दिवशीच बोलून मोकळे झालात.

पारनेरकडच्या आपल्या दोन खोल्यांच्या शाळेत झेंड्याला शिवण्याआधी तुम्ही आम्हाला हात धुवायला लावायचात. केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे सत्य, हिरवा म्हणजे समृद्धी, असं आमच्याकडून घोकून घ्यायचात. सातवीत गेले तेव्हा झेंड्याची घडी घालायचं काम तुम्ही मला दिलंत. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली त्या ऑगस्टमध्ये नवा झेंडा आला. जुना विरला होता, हिरव्या पट्टीची शिवण उसवली होती. तो तुम्ही पेटीत ठेवलात आणि म्हणालात, "याला मानानं निरोप द्यायचा असतो. सवडीनं देऊ." पेटीची किल्ली माझ्याकडे होती. आमच्या घरात त्याआधी कुणाच्या हाती शाळेची किल्ली आलेली नव्हती. आई ती देवापाशी ठेवायची.

पाऊस त्या वर्षी आलाच नाही, हे तुम्हाला काय सांगायचं. संक्रांतीनंतर वर्ग निम्मा झाला, मग मीही गळाले. आई पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती आणि मी भावाला सांभाळत होते. तीन काठ्या उभ्या करून झोळी बांधलेली. आईकडे लुगडी दोनच, एक अंगावर आणि दुसऱ्याची झोळी. आसपास झाड नाही, बाभळी कधीच शेरडांच्या पोटात गेलेल्या. शिमग्यानंतरच्या उन्हात त्याच्या गालांवर फोड आले. तो रडायचाही थांबला, नुसता कण्हायचा. मी त्याला एका बाईपाशी सोपवलं, गावात पळत गेले, पेटी उघडली आणि जुना झेंडा आणून काठ्यांवर बांधला. चक्राची सावली त्याच्या पोटावर पडली. तो झोपला.

तुम्ही आलात. धोतर, टोपी, हातात काळी छत्री. झोळीपाशी येऊन थांबलात.

"हे काय आहे?"

"झेंडा, गुरुजी."

"माहीत असून? तुला मी किल्ली दिली होती. तुला!"

तुम्ही मारलं नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं. आई पाटी टाकून धावत आली.

"गुरुजी, पोराचं त्वांड भाजतंय वो. दुसरं फडकं न्हाई माज्याकडं."

"बाई, हे फडकं नाही. देशाची खूण आहे ही."

"मंग देशानंच धरली म्हना की सावली. त्यात काय वंगाळ झालं?"

मागं बाया हसल्या. तुमचे कान लाल झाले. तुम्ही गाठी सोडल्यात, गुडघ्यावर झेंडा ठेवून स्वतः घडी घातलीत, माझ्याकडून किल्ली घेतलीत. "वर्गासमोर चूक कबूल कर, मग बाकावर बस," असं म्हणून चालू लागलात. झेंडा दोन्ही हातांवर, छत्री मिटून काखेत. ती छत्री, गुरुजी! ती मागायची आम्हाला लाज वाटली. तुम्हाला ती द्यायचं सुचलंच नाही. आईनं झोळीच्याच लुगड्याचा पदर टरकावला आणि काठ्यांवर टाकला. मग पाटी उचलून कामावर गेली, कारण मुकादम ओरडत होता.

मी चूक कबूल करायला आले नाही. सातवीची परीक्षा बुडाली, वर्ष गेलं. जूनमध्ये तुम्ही आमच्या दारात उभे राहिलात आणि इतकंच म्हणालात, "नाव घातलंय. उद्यापासून ये." ना माफी मागायला लावलीत, ना त्या दुपारचं काही बोललात. शाळेत आले तर घडी घालायचं काम दुसऱ्या मुलीकडे होतं. जुना झेंडा तुम्ही शाळेमागं एकट्यानं, विधिवत जाळल्याचं कळलं. भिंतीवरच्या तक्त्यात सिंह खरवडून तुम्ही वाघ काढत होता. "राष्ट्रीय प्राणी आता वाघ. दिल्लीत ठरलंय," तुम्ही म्हणालात. माझ्या जिभेवर आलं होतं: दिल्लीत सिंहाचा वाघ करता येतो, मग तुमच्या त्या मानात एका तान्ह्या पोराला तासभर जागा करता येत नाही? विचारलं नाही. मला परत शिकायचं होतं.

पुढे मीही मास्तरीण झाले. तीस वर्षं पोरांना तेच तीन रंग शिकवले, आणि दर वेळी हिरव्याशी आले की माझा आवाज चिडका व्हायचा. पोरं बिचारी घाबरायची. तुमच्या आजारपणात मी नगरला दवाखान्यात आले होते, आठवतं? शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तुम्ही कौतुकानं सांगितलंत, "झेंड्याची घडी हिच्यासारखी कुणी घातली नाही." मी स्टुलावर बसून वाट पाहिली. आता बोलाल, मग बोलाल. तुम्ही मोसंबी सोलून माझ्या हातावर फोडी ठेवत राहिलात. एवढं पाठ असलेल्या माणसाला एवढंच आठवू नये? की आठवत होतं, आणि म्हणूनच त्या फोडी होत्या? याचाच मला संताप येतो. तुम्ही चुकलात, असं ठणकावून म्हणायची सोयही ठेवली नाहीत.

हे पत्र तुमच्या सुनेकडे द्यावं असं मनात होतं. ती ते तुमच्या तसबिरीपुढं ठेवील आणि हात जोडील. ते मला नको. कपाटात राहू दे. एक मात्र कबूल करते. त्या दुपारी तुम्ही बांधावरून येताना लांबून दिसलात, तेव्हा मी झोळी सोडून तुमच्याकडे धावत निघाले होते. मला वाटलं, तुम्ही मला शाळेत परत न्यायला आलात.