उलटा फर्मा आणि काळे पान

मी, बाइंडिंगखान्यातला हंगामी कामगार, वय चोवीस, पत्ता सध्या हीच खाट, लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. भोके पोटाला पडली आहेत, डोक्याला नाहीत. संध्याकाळी पोट पुन्हा उघडणार. डॉक्टर "बघू" म्हणाले, म्हणून ही घाई.

१. मोटारसायकल थोरल्या भावाला. अट खाली आहे. घाटात ती रुसते, तेव्हा शिव्या न देता उतरून ढकलावी. एकदा तर मी, जाऊ दे.

२. बूट ज्याला बसतील त्याला.

३. बांधणीला आलेली ती कादंबरी. तिचा एक फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा, उलटा छापून आला. आमच्या बाइंडिंगखान्याचे वस्ताद म्हणाले, "छापखाना झोपला होता. फिरवून शिव." मी ती वाचली होती. त्या पानांत कोठडीतल्या माणसाला पायांनी टांगून मारतात आणि अक्षरे खाली गळत जातात. म्हटले, "वस्ताद, चूक नाही ही. माणूस उलटा आहे."

"मग त्याला टांग की! वाचणाऱ्याला कशाला टांगतोस?"

पुढे ते पान. सगळे काळे, मधे पांढरा ठिपका. शाई सांडली म्हणून वस्ताद ते फाडायला लागले. मी हात धरला, त्यांनी कानफटात दिली. मी हातोडीने त्यांचा खांदा मोडला. त्यांनी शिवायचा दाभण माझ्या पोटात खुपसला, काढला, पुन्हा खुपसला. रक्त नेमके उलट्या फर्म्यांवर उडाले. त्या प्रती विकू नयेत, लोक त्याचाही अर्थ लावत बसतील.

४. वस्ताद शेजारच्याच खाटेवर आहेत. मधल्या स्टुलावर भाऊ, पिशवीत लोखंडी गज. "तू फक्त डोळे मीट," तो म्हणतो, "मग याची मानच मोडतो."

"अरे, आधी त्याला मरू तरी दे," वस्ताद म्हणाले. मला हसू आले, टाका उसवला.

दादा, तू म्हणतोस काळे पान म्हणजे तो टांगलेला माणूस मेला. नर्सताई म्हणतात, शुद्ध गेली. वस्ताद अजून शाईलाच धरून आहेत. मला तो ठिपका कोठडीच्या दाराचे भोक वाटतो. पलीकडून कोणीतरी बघतेय, मारणारा आता थांबतो का. पुढचे पान कोरे आहे.

म्हणून अट. मी गेलो तरी वस्तादांना बोट लावायचे नाही. लावलेस तर मोटारसायकल त्यांच्या मुलीची. ती रोज तुझ्या दारावरून हॉर्न वाजवत जाईल.

हे मोठ्याने वाचून दाखवले. भाऊ वस्तादांना म्हणाला, "येते का तिला चालवता?"

"शिकेल."

भाऊ पिशवी घेऊन खाली गेला. येताना हात मोकळे होते.

भावाला या मृत्युपत्रात मिळकत मिळते, त्याची साक्ष चालत नाही. म्हणून,

साक्षीदार: १. नर्सताई. २. वस्ताद, कागद भावाने धरला.

सही: माझी.
पुरुष वॉर्ड, ऑपरेशनच्या दिवशी, दुपारी.