ताईचा एक किलो

१४ नोव्हेंबर

ताई,

घरी सगळे बरे आहेत. बाबांचा कान अजून ठणकतो. डॉक्टरांनी पाण्यात उतरायला बंदी केली, त्यामुळे डायव्हिंग शिकायला येणाऱ्यांना आता मीच खाली नेते. बाबा म्हणतात, दुकानात बसायला कान लागत नाही.

त्यांनी माझा वजनांचा कमरेचा पट्टा काढून घेतला. शिशाचे तुकडे आता जाकिटाच्या खिशांत घालायचे. पाठ दुखत नाही, पण खिसा नीट बसला का, हे मी सारखं चाचपते. आई म्हणते, "कुलूप लावलं का बघायला अर्ध्या वाटेतून परत येणारी पोर. पाण्यात काय वेगळं करणार?"

शनिवारी धक्क्यापाशी वजन जुळवलं. जाकिटातली हवा सोडून, श्वास भरून स्वस्थ राहिलं की पाणी डोळ्यांपर्यंत यायला हवं. मी सरळ डोक्यासकट खाली. बाबा काठावरून म्हणाले, "अगं, नांगर टाकलाय का?" एक तुकडा काढला, तरी बुडाले. मग त्यांनी वाकून माझा मागचा छोटा खिसा उघडला आणि तुझा किलो बाहेर काढला.

सिलिंडर रिकामा होत आला की तू वर तरंगायचीस, म्हणून मी तो तुझ्यासाठी जवळ ठेवायचे. बाबांशी भांडून तू गेलीस, तरी ठेवत राहिले. काढायचा विसरले, असं बाबांना सांगितलं. विसरले नव्हते.

"ती आता ऑफिसात बसते," ते म्हणाले. "तिथं कोणी तरंगत नाही."

त्याच्याशिवाय वजन अगदी बरोबर जुळलं. खाली हालचाल सोपी झाली. शिकणाऱ्यांना घेऊन वर येताना नेहमीसारखं मध्ये थांबलो, तेव्हा मात्र मी सारखी उजवीकडे, तुझ्या जागेकडे बघत होते.

बोटवाल्याची मुलगी सोमवारपासून माझ्या जोडीला यायला तयार आहे, कायमची. मुलगी चांगली आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.

काल जेवताना बाबा म्हणाले, "पत्र लिहिणार असशील तर तिला सुटी कधी असते ते विचार."

"तुम्हीच विचारा की."

"तुझं अक्षर बरं आहे," म्हणाले आणि पाणी आणायला उठले. भरलेला पेला समोरच होता.

तर विचारते, सुटी कधी असते? बाबांना तू सुटीपुरतीही चालशील. मला तेवढ्यापुरती चालणार नाहीस. नाही म्हणायचं असेल तर रविवारच्या आत म्हण. त्या मुलीला ताटकळत ठेवणं बरं नव्हे.

तिला अजून हो न म्हटलेली,
धाकटी