पडद्यावरचा भाऊ

कोल्हापूर, शुक्रवार

आज तंबूत स्पॅनिश कादंबरीवरचा सिनेमा लागला. चित्रं मुकी, म्हणून पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट ओरडून सांगायचं काम माझं. त्यातली विधवा एका तरुणाच्या प्रेमात पडते. मालक म्हणाले, "तो तिचा भाऊ आहे म्हणून सांगा." आणि मी सांगितलं!

बायकांतून एकजण ओरडली, "भावाकडं बघून कोण असं लाजतंय व्हय?" सगळा तंबू हसला.

माझी विधवा बहीण यमूही तिथंच होती. जेवायला वाढताना हळूच म्हणाली, "दादा, म्हणजे ती शेवटी भावाच्याच घरी राहिली?"

 महाराजांनी विधवाविवाहाचा कायदा केला, आणि मी पडद्यावरच्या विधवेला भाऊ चिकटवतो?

उद्याच्या खेळाला यमूला पुढं बसवणार. मालकांनी हाकललं तरी बेहत्तर, ओरडून सांगणार: हा भाऊ नव्हे, हा तिचा होणारा नवरा!