दादाच्या तळ्याचं पाणी

कोपर, ऑक्टोबर २००८, मंगळवार

आमच्या तळ्यातली कोळंबी अजून छान पोहतेय, म्हणून तिला रोग लागलाय हे पटतच नाही. पण आज तपासणीवाल्या मॅडम किट घेऊन थेट बांधावर आल्या आणि दुपारपर्यंत पट्टीवर ठिपका उमटला. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. म्हणाल्या, "पाणी खाडीत सोडू नका, शेजारचं तळंही जाईल."

शेजारचं तळं माझ्या दादाचं, तोही याच खाडीतून पाणी घेतो. पाणी सोडल्याशिवाय आमचा माल निघत नाही, आणि थांबलो तर सगळी मरणार. हे म्हणाले, "उद्या सोडू. गप बस."

संध्याकाळी वहिनीने विचारलं, "काय गं, काय निघालं?" सांगून टाकलं मी. दादाने लगेच खाडीचं पाणी घेणं थांबवलं.

यांना कळलं. एवढंच बोलले, "आता भावाकडेच राहा." यांचं ताट तसंच झाकून ठेवलंय. जाऊ तरी कशी, आणि राहू तरी कशी?